हापशावरचा चोर

३ एप्रिल १९८३, रविवार

आजपासून रोजनिशी. लोक असल्या गोष्टी जानेवारीत सुरू करतात आणि संक्रांतीला सोडून देतात. मी एप्रिलात सुरू करतो आहे, म्हणजे टिकेल.

संकल्प एकच. रागवायचं नाही. खरं तर मला याची गरज नव्हती, कारण माझा स्वभाव मुळात शांत आहे. ऑफिसात कुणालाही विचारा. सिद्धलिंग खानापुरे कुणावर ओरडला असं सांगणारा माणूस अख्ख्या लातुरात सापडायचा नाही.

शांतपणे नोंद करून ठेवतो. मागच्या ऑगस्टात लातूर जिल्हा झाला. जिल्हा व्हावा म्हणून मी मोर्चात दुसऱ्या रांगेत होतो, घसा बसेपर्यंत ओरडलो होतो. जिल्हा झाल्यावर उस्मानाबादेहून वाटणीच्या फायली आल्या, कपाटं आली, खुर्च्या आल्या आणि त्यांच्याबरोबर अमृतराव आले. हेडक्लार्कची जागा माझी होती, सगळे तसंच म्हणत होते. ती अमृतरावांना मिळाली. आलेल्या खुर्च्यांत दोन्ही हात शाबूत असलेली एकच होती, तीही त्यांनाच. माझ्या खुर्चीला डावा हात नाही. मी हसून 'अभिनंदन साहेब' म्हणालो आणि चहाही पाजला. आठ महिने झाले. विसरूनसुद्धा गेलो.

सकाळी जबडा दुखत होता. रात्री फुटाणे खाल्ले होते, त्यामुळे.

५ एप्रिल, मंगळवार

गल्लीच्या हापशासाठी पाणी समिती स्थापन झाली. मी अध्यक्ष, एकमताने. मीटिंगला मी, कोपऱ्यावरचा किराणा दुकानदार विरूपाक्ष आणि त्याच्याकडे साखर घ्यायला आलेला एक माणूस होता.

पाऊस मागच्या वर्षी तोंड दाखवून गेला. नळाला पाणी येतं म्हणजे आधी सूं करून हवा येते, मग करंगळीएवढी धार, ती बघेपर्यंत बंद. सगळी गल्ली या एका हापशावर जगते. म्हणून नियम केले. सकाळी दोन तास, संध्याकाळी एक तास, घरटी ठरलेल्या घागरी, रात्री बंद. कागद विरूपाक्षच्या दुकानाच्या दारावर चिकटवला. खाली सही, सि. म. खानापुरे, अध्यक्ष. जिल्ह्यानं दिलं नाही ते गल्लीनं दिलं.

हापसा माझ्या घरासमोरच आहे. उकाड्यामुळे मी ओट्याखाली बाज टाकून बाहेरच झोपतो. पहारा आपोआप होतो.

७ एप्रिल, गुरुवार

गल्लीत पाणीचोर आहे.

विरूपाक्ष सकाळीच आला. म्हणाला, अप्पा, रातच्याला कुणीतरी हापसा हाणून राहिलं होतं. कर्र-कर्र, कर्र-कर्र, लई वेळ. त्याची म्हातारी कळशी घेऊन बाहेर आली तर हापशावर कुणी नाही. पलीकडच्या दोन घरांनीही आवाज ऐकला. समिती होऊन चहाचे कपही वाळले नाहीत आणि नियमाला ही किंमत. अध्यक्षाला जेवढा राग यायला हवा तेवढाच आला, जास्त नाही.

मी स्वतः हापशाच्या इतक्या जवळ झोपलो होतो. मला काहीही ऐकू आलं नाही. मन शांत असलं की झोप गाढ लागते.

शिवगंगेला सांगितलं. ती भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली, हापसा न्हाई तो, तुमचे दात हायत. जिल्हा झाल्यापासून झोपंत दात खाऊन राहिलात तुम्ही, मला तर रात रात डोळा न्हाई.

मी हसलो. झोपेत दात खातात ती लहान पोरं, पोटात जंत झाले की. मी सरकारी नोकर आहे. बायकांना कुठलीही सार्वजनिक समस्या घरात आणून सोडायची सवय असते.

९ एप्रिल, शनिवार

हापशाच्या दांड्याला साखळी लावली, साखळीला कुलूप. किल्ली माझ्या करदोट्याला.

नंतर बाजेवर बसून डोकं थंड ठेवून तपास केला. समोरच्या घरात निवृत्ती गायकवाड राहतो, एसटीत कंडक्टर. बायको नागुबाई. निवृत्तीची आई कोंडाबाई अंथरुणाला खिळलेली. घरात आजारी माणूस म्हणजे धुणं जास्त, पाणी जास्त. हेतू सापडला. जातीचा इथे काडीचाही संबंध नाही. मी जात मानत नाही, हे मी त्यांच्याच दारासमोर उभा राहून कितीदा बोललो आहे. पण संशय कुणावर तरी घ्यावाच लागतो, नाहीतर तपास पुढे सरकत नाही.

अडचण एकच. निवृत्तीची ड्युटी किनवट मुक्कामी गाडीवर असते, म्हणजे बहुतेक रात्री तो लातुरातच नसतो. यावर पुष्कळ विचार केला. रात्री गावात न सापडणं हे तर पक्क्या चोराचं लक्षण. म्हणजे हापसा बायको मारते आणि नवरा किनवटला जाऊन झोपतो.

१० एप्रिल, रविवार

कुलूप असूनही रात्री आवाज. विरूपाक्षनं विचारलं, दांडा बांधलेला हाय, मग हापसा वाजला कसा. मी त्याला समजावून सांगितलं, डुप्लिकेट किल्ली. तो बराच वेळ साखळीकडे बघत राहिला. किराणा विकणाऱ्यांना तपासातलं काय कळणार.

शिवाय पुरावा आणखी एक. हल्ली पाणी वर यायला आधीपेक्षा जास्त हापसावं लागतं. रात्रीतून कुणी उपसत असल्याशिवाय हे होईल का?

११ एप्रिल, सोमवार

घरातूनच दगाफटका.

काल शिवगंगेनं पित्तावरचा काढा म्हणून काहीतरी कडूजहर पाजलं. वर चमचाभर एरंडेल. पहाटेपासून धावपळ. पाण्याच्या टंचाईत माणसाला जुलाब व्हावेत, तेही समितीच्या अध्यक्षाला. ठरलेल्या घागरी सकाळीच संपल्या. शेवटी तिनं कबूल केलं, वावडिंग होतं, जंतावरचं. म्हणाली, तुम्हीच म्हनलात दात खानं जंतानं व्हतं.

ऑफिसला उशीर झाला. अमृतरावांनी सगळ्यांदेखत विचारलं, खानापुरे, घड्याळ बंद पडलंय का. मी 'सॉरी साहेब' म्हणालो. जे म्हणणार होतो ते इथे लिहून ठेवतो. अमृतराव, तुम्ही ज्या खुर्चीत बसून माझं घड्याळ विचारता ती खुर्ची माझी आहे. तुमच्या टिपणीतलं शुद्धलेखन मी दुरुस्त करतो. तुम्हाला या जिल्ह्यातले तालुके एका दमात सांगता येत नाहीत, देवणी गाव कुठे आहे ते तुम्ही मला दोनदा विचारलंत. तुम्ही उस्मानाबादेला परत जा आणि जाताना ते तुटकं कपाटही घेऊन जा.

लिहिल्यावर बरं वाटलं. राग असा मोकळा करून टाकायचा असतो. त्या माणसाला सांगायची गरजच पडत नाही.

१२ एप्रिल, मंगळवार

दाढेचा तुकडा पडला. भात खाताना. मऊ भात.

तांदळात खडा होता, दुसरं काय. विरूपाक्षचा तांदूळ. ताट तसंच टाकून दुकानात गेलो. त्याला असं झाडायचं ठरवलं होतं की पुन्हा कुणाला खडे विकायची हिंमत झाली नसती. दुकानात दोन गिऱ्हाईकं होती, त्यांच्यासमोर बरं दिसलं नसतं. पावशेर गूळ घेऊन आलो.

संध्याकाळी दातांच्या डॉक्टरकडे. जिल्ह्याचं गाव झाल्यामुळे गंजगोलाईजवळ एक तरुण डॉक्टर नवीनच आला आहे. आरसा घालून त्यानं माझे दात बघितले. मग म्हणाला, अप्पा, तुमच्या दाढा वरून सपाट झाल्यात, तुम्ही झोपेत दात खाता. मी विचारलं, तुम्हाला माझी बायको भेटली होती का. म्हणाला, नाही, दातच सांगतात. झोपेत माणसाला कळत नाही, घरच्यांना कळतं. सकाळी जबडा धरतो, कानशिलं दुखतात, दाताचे टवके उडतात. जंतांचा याच्याशी संबंध नाही. बऱ्याचदा मनात काहीतरी दाबून ठेवलेलं असतं. तुम्हाला राग फार येतो का.

मी 'नाही' म्हणालो. इतक्या जोरात म्हणालो असेन असं मला वाटत नाही, पण बाहेर बसलेल्या पेशंटनं पडदा बाजूला करून आत बघितलं.

उपाय सांगितले. रात्री चहा आणि सुपारी बंद. जबड्याला कोमट पाण्याचा शेक. दिवसा ओठ मिटलेले पण दात एकमेकांपासून सुटे ठेवायची सवय. दातांचा साचा घेऊन हैदराबादहून एक पट्टी करून मागवायची, ती रात्री दातांवर बसवून झोपायचं. आणि जे मनात आहे ते ज्या त्या माणसाला सभ्यपणे बोलून टाकायचं. पट्टी मी तिथल्या तिथे नाकारली. मी घोडा नाही. बाकीच्यांपैकी बोलायचं वगैरे पोरकट आहे, ते मी कालच रोजनिशीत करून टाकलं. कोमट पाण्याला पाणी कुठून आणायचं हे त्या शहाण्यानं सांगितलं नाही.

१३ एप्रिल, बुधवार

दिवसभर ओठ मिटून दात सुटे. अमृतरावांनी विचारलं, खानापुरे, तोंडात पान आहे का. ऑफिसात पान खायचं नाही. मी मान हलवली. दात आपोआप मिटले.

१४ एप्रिल, गुरुवार

आज पाडवा. आंबेडकर जयंतीही आजच. ऑफिसला सुट्टी.

नव्या वर्षाचा संकल्प: चोराला उघडा पाडणार, तेही न रागावता. सकाळी कडुनिंब खाल्ला.

संध्याकाळी नागुबाई जयंतीची बुंदी घेऊन आली. शिवगंगेनं तिथेच मूठभर तोंडात टाकली. मी घेतली नाही, दाढ दुखत होती. नागुबाई म्हणाली, अप्पा, मऊ हाय बुंदी. मी म्हणालो, दाढ. ती वाटी ठेवून गेली. नंतर मी शिवगंगेला म्हणालो, बघितलंस, चोराच्या मनात चांदणं, म्हणून गोड खायला घालते. शिवगंगेनं वाटी पुढे ओढली. माझ्या वाटणीची बुंदीही तिनंच खाल्ली.

१६ एप्रिल, शनिवार

शिवगंगा काल रात्रीपासून समोर झोपायला जाते. नागुबाईच्या ओसरीत. मला म्हणाली, निवृत्तीभाऊ किनवटला असतात, म्हातारीला रातच्याला उठवावं लागतं, दोघीजणी असलो की बरं पडतं. आणि मला झोप पायजे, आवो. आठ महिने झाले मी नीट झोपले न्हाई.

कारण काहीही सांगो, मला तिचा डाव कळला. नवरा तपास करतो आहे म्हटल्यावर बाई थेट चोराच्या घरात जाऊन बसली. मी तिला डोळे मिचकावून निरोप दिला. तिनं विचारलं, डोळ्यात काय गेलं.

सकाळी त्यांच्या दाराबाहेर उभा राहून अहवाल घेतला. म्हणाली, लई दिवसांनी झोप लागली. नागुबाई? ती बी झोपली होती. हापसा? म्हणाली, वाजत होता की, तिथवर ऐकू येतो. म्हणजे शिवगंगा झोपल्यावर ती उठते. पक्की आहे.

१७ एप्रिल, रविवार

गल्लीची मीटिंग घेतली. पुरुषांची, कारण मीटिंग पुरुषांनीच घ्यायची असते आणि बायका तेव्हा रांगेत होत्या. मी मुद्दे मांडले. हेतू, डुप्लिकेट किल्ली, किनवट. विरूपाक्ष म्हणाला, अप्पा, पुरावा कुठाय. मी म्हणालो, आवाज हाच पुरावा. दोघातिघांनी मान हलवली. त्यांना घरी जायचं होतं.

ठराव: चौकशी पूर्ण होईपर्यंत गायकवाड कुटुंबाच्या घागरी बंद. त्यांनी पलीकडच्या गल्लीतल्या आडावरून पाणी आणावं. अंतर फार नाही. उन्हात थोडं लांब वाटतं.

निवृत्ती ड्युटीवर होता. ठराव मी स्वतः नागुबाईला सांगितला, अगदी नरम आवाजात. ती रांगेतून बाजूला झाली. एवढंच म्हणाली, अप्पा, रातच्याला मी घरातून भाईर बी येत न्हाई, सासूबाईंना सोडून कुठं जाऊ. मग रिकामी घागर कडेवर घेऊन आडाच्या दिशेनं गेली. भांडली असती तर खात्री पटली असती. भांडली नाही, त्यामुळे संशय आणखी वाढला.

शिवगंगा रांगेतच होती. तिनं आमच्या घागरी भरल्या आणि माझ्याकडे न बघता गेली.

१८ एप्रिल, सोमवार

घरातला रांजण निम्मा रिकामा. चोरी आता घरापर्यंत आली.

विचारल्यावर शिवगंगा म्हणाली, चोरी कशाला, मीच नेऊन दिलं. म्हातारीचं अंथरूण धुवायचं होतं. तुमच्या ठरावात माझी सही न्हाई.

मी शांत राहिलो. इतका शांत राहिलो की कानशील ठणकायला लागलं.

१९ एप्रिल, मंगळवार

ती स्वयंपाक करते, ताट झाकून ठेवते आणि जाते. आता दिवसाही तिकडेच. आज दारात उभं राहून तिनं सरळ सांगितलं. गल्लीसमोर म्हना की आवाज माझ्या दातांचा हाय, त्या बाईला चोर म्हनलो ते चुकलं. मग मी घरी झोपायला येते. न्हाईतर न्हाई येत.

लग्नाला वीस वर्षं होत आली, कधी अशी अट घातली नव्हती. मी म्हणालो, अध्यक्षाला अटी घालता येत नाहीत. ती म्हणाली, अध्यक्षाला न्हाई घालून राहिले, तुम्हाला घालून राहिले.

घरात तिच्याशिवाय फार मोठा आवाज होतो. मडक्यावरचं झाकण ठेवलं तरी मोठ्यानं वाजतं. तिनं यावं. तिनं लवकर यावं म्हणूनच चोर लवकर पकडायला हवा.

२० एप्रिल, बुधवार. संध्याकाळ.

आज निकाल. बाज ओढून थेट हापशाच्या चौथऱ्याला टेकवली. उशाशी बॅटरी, हाताशी काठी. विरूपाक्ष आणि गल्लीतल्या सगळ्यांना सांगून ठेवलं आहे, आवाज झाला की चारही बाजूंनी या. निवृत्तीलाही निरोप दिला, आज त्याची सुट्टी आहे. त्याच्या डोळ्यांदेखत पकडलं पाहिजे. मी झोपणार नाही. फक्त डोळे मिटून पडणार, चोराला फसवायला.

उद्या शिवगंगा घरी.

२१ एप्रिल, गुरुवार

पकडला.

जास्त लिहायची इच्छा नाही. डोळे उघडले तेव्हा माझ्याभोवती सगळी गल्ली उभी होती. हातात कंदील, बॅटऱ्या, दोघींच्या हातात कळशा. मी उठून काठी उगारली आणि विचारलं, कुठाय चोर. कंदील थोडे खाली आले. शेवटी निवृत्तीच बोलला, आवाज न चढवता. म्हणाला, अप्पा, साखळी हाय तशी हाय. तुमच्याच तोंडातून वाजून राहिलं. आम्ही बराच वेळ उभं राहून ऐकलं.

विरूपाक्षच्या म्हातारीनं बॅटरी माझ्या तोंडावर धरली होती. ती म्हणाली, एवढ्या कामाला मी रोज कळशी घेऊन उठत व्हते.

हसले सगळे. निवृत्ती नाही हसला. नागुबाई दारात होती, तीही नाही. शिवगंगा तिच्या शेजारी उभी होती. तिनं दार लावून घेतलं.

ऑफिसला गेलो नाही. पोट बिघडलं असं कळवलं.

२२ एप्रिल, शुक्रवार

समिती बरखास्त. म्हणजे दुकानाच्या दारावरचा कागद विरूपाक्षनं फाडला आणि त्यात हळद बांधून दिली.

साखळी काढली. निवृत्तीनं स्वतः दांडा मारला. मारतच राहिला, घामाघूम झाला. पाणी आलं नाही. नंतर आळीपाळीनं सगळ्यांनी मारून बघितलं, नुसता कोरडा खडखडाट. विरूपाक्ष म्हणाला, खालीच न्हाई, कोन काय चोरनार. खालचं पाणी आटत चाललं होतं, दर दिवसाला थोडं, आणि मी त्याचा हिशेब नागुबाईच्या नावावर लावला.

पण हे पाऊस न पडल्यामुळे झालं. मला कुणी पाऊस पाडायला सांगितलं नव्हतं. राग येतो तो याचा की आता राग धरायला कुणी उरलं नाही. दुष्काळावर राग धरून माणूस करणार काय.

आता सगळी गल्ली आडावर जाते, नागुबाईच्या मागोमाग.

डॉक्टरकडे गेलो. पट्टी करून घ्यायला तयार आहे असं सांगितलं. त्यानं साचा घ्यायला तोंड उघडायला लावलं. जबडा धरला आहे, दोन बोटंही मावत नाहीत. म्हणाला, स्नायू आखडलेत, शेक घ्या, मऊ खा, आठवडाभरात सुटेल. साचा नंतर घेऊ. तोवर बोलता येईल, फक्त आ करू नका.

२३ एप्रिल, शनिवार

ऑफिस. अमृतरावांनी दुष्काळाच्या कामांचा तक्ता रविवारी घरी बसून करायला सांगितला. माझंच काम नाही ते. मिटलेल्या दातांतून 'हो साहेब' म्हणालो. स्पष्ट ऐकू गेलं, त्यांनी मानही हलवली.

ठरलं. उद्या नागुबाईकडे जाऊन माफी मागायची. वाक्यं तयार केली आहेत. नागुबाई, समितीच्या हातून गैरसमजातून... नाही. नागुबाई, परिस्थितीच अशी होती की... हेही नाही. शेवटी शिवगंगेनं सांगितलेलंच बरं आहे. आवाज माझ्या दातांचा होता, तुम्हाला चोर म्हणालो ते चुकलं. आरशासमोर म्हणून बघणार होतो, पण दिवा लावायचा कंटाळा आला. उद्या नक्की. संध्याकाळपर्यंत शिवगंगा घरी असेल.

२४ एप्रिल, रविवार. दुपार.

धुतलेला शर्ट घालून गेलो. त्यांच्या घरात आज पहिल्यांदाच पाऊल टाकलं. समोरासमोर राहून इतकी वर्षं झाली, पण तशी वेळच कधी आली नाही. निवृत्ती किनवटच्या गाडीवर गेला होता. कोंडाबाई भिंतीकडे तोंड करून पडली होती. शिवगंगा तिच्या पायाला तेल चोळत होती. माझ्याकडे बघितलं आणि चोळायची थांबली. नागुबाईनं चटई टाकली. म्हणाली, बसा अप्पा.

बसलो. नागुबाई, असं म्हणालो. ती म्हणाली, जी. मी पुन्हा नागुबाई म्हणालो. पुढचं काही येईना. जबडा. मी तोंडाकडे बोट दाखवलं.

तिला वाटलं तहान लागली. रांजणात वाटी घालून खालून खरवडून पाणी काढलं, तांब्यात ओतलं आणि दोन्ही हातांनी पुढे केलं. घेतला. या घरचं मी कधी काही तोंडात घातलं नव्हतं. आता नाही म्हणायला दाढेचं कारणही चाललं नसतं. तांब्या तोंडाला लावला. तोंड उघडलं तेवढ्या फटीतून किती जाणार. निम्म्याहून जास्त पाणी हनुवटीवरून शर्टावर, शर्टावरून चटईवर. थांबवायला हातही वेळेवर हलला नाही. नागुबाई ओल्या चटईकडे बघत राहिली. तिनं ते पाणी सकाळी उन्हातून आणलं होतं. मग पदरानं माझ्या पुढची जमीन पुसायला लागली.

शिवगंगा तिथूनच म्हणाली, काल हापिसात साहेबाला काय म्हनलात. मी ओल्या शर्टाकडे बघितलं. ती म्हणाली, 'हो साहेब'च म्हनला असाल, ते दात मिटून म्हनता येतं की न्हाई. मग हे का येईना. दोनच शब्द हायत.

मी नागुबाईकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत नव्हती, पुसत होती. शब्द तोंडात होता. जिभेवर होता. मी दात आवळले आणि उठलो. घरी चल, एवढं हातानं शिवगंगेला खुणावलं. तिनं मान हलवली, नाही.

बाहेर आलो. माझ्या ओट्यावर उभा राहिलो. थोड्या वेळानं नागुबाई रिकामी घागर घेऊन बाहेर पडली, सांडलेल्या पाण्यासाठी. मागोमाग शिवगंगा, आमच्या घरातली कळशी कडेवर. आडाचा रस्ता माझ्या ओट्यापुढूनच जातो. दोघी समोरून गेल्या, उन्हात, काहीतरी बोलत. माझ्याकडे कुणी बघितलं नाही.

त्या वळणाच्या पलीकडे गेल्यावर मी म्हणून बघितलं. चुकलं.

नीट आला शब्द. दात मिटलेले असतानाही अगदी स्पष्ट.